नाताळचं झाड: घरची सजावट आणि घरचे फोटो – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर सरत आला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. निम्मे झाडाबद्दल असतात, निम्मे फोटोंबद्दल. मला ही दोन कामं वेगळी वाटत नाहीत. बहुतेक घरांत झाड पूर्ण सजवून होतं आणि मग कुणीतरी कॅमेरा काढतं. तेव्हा दिवे चुकीच्या जागी असतात, मागे टीव्ही असतो आणि आता कोण सगळं हलवणार, म्हणून तसाच फोटो काढला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कॅमेरा किंवा मोबाइल पहिल्या माळेपासून हाताशी असू द्या. डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा फोटोत लगेच दिसते आणि ती भरायला तेव्हा वेळही असतो.

१. झाड कोणतं घ्यावं? खरं की प्लास्टिकचं?

आपल्याकडे तीन पर्याय असतात. पहिला पीव्हीसीचं घडीचं झाड. क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचा हिल रोड, पुण्याचा कॅम्प इथे डिसेंबरात सगळ्या उंचीची मिळतात. घरी आणल्यावर त्याची प्रत्येक फांदी आणि फांदीचं प्रत्येक टोक हाताने उलगडा. अर्धा-पाऊण तास जातो, पण खोक्यातून काढल्यासारखं चपटं झाड फोटोत कधीच भरदार दिसत नाही.

दुसरा पर्याय कुंडीतलं. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरोकेरिया. ते पाइन नव्हे, पण मजल्यामजल्याने निघणाऱ्या आडव्या फांद्यांमुळे फोटोत फार देखणं दिसतं. फांद्या मऊ असतात, म्हणून जड काचेचे गोळे नकोत. शेंडा मोडू देऊ नका, तो गेला की झाडाचा डौल गेला.

तिसरा पर्याय सुरूची फांदी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना ती सोयीची वाटते. मात्र किनाऱ्यावरच्या बनातली तोडू नका, कुणाच्या वाडीतली विचारून आणा आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोवा. सुरूची पालवी इतकी बारीक असते की मागून दिवा लावला तर तिच्या कडा उजळतात. फोटोसाठी मला तिन्हींत हीच जास्त आवडते.

२. आमचा हॉल लहान आहे. झाड कुठे ठेवू?

सवयीने आपण कोपऱ्यात, भिंतीला चिकटून ठेवतो. निदान फोटोपुरतं तरी हातभर पुढे ओढा, म्हणजे मागच्या भिंतीवर दिव्यांचा मंद उजेड पसरतो आणि झाड भिंतीपासून सुटून दिसतं. झाडासमोर तुम्हाला मागे सरकायला किती जागा आहे ते पाहा. पाच फुटांचं झाड मोबाइलने दोन पावलांवरून घेतलं तर वरचा भाग निमुळता होऊन झाड मागे पडल्यासारखं दिसतं. दारातून, पॅसेजमधून, दुसऱ्या खोलीतून झाड दिसतं का ते बघा. चौकटीतून दिसणारं झाड हा लहान घराचा फायदाच आहे.

खिडकी झाडाच्या बाजूला असेल तर उत्तम. ते का, ते प्रश्न ९ मध्ये सांगितलं आहे.

३. आधी दिवे लावायचे की आधी गोळे?

दिवे. आणि सगळं काम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विजेच्या आधी झाडावर मेणबत्त्या लावत. त्या फांदीच्या टोकालाच लावता यायच्या, आत लावल्या तर आग लागायची. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. तेव्हापासून उजेड फांद्यांच्या आत नेता येतो. तरीही आपण माळ बाहेरून गुंडाळतो, मेणबत्त्यांसारखीच.

तसं करू नका. पहिली माळ बुंध्याच्या जवळून, खालून वर गोल फिरवत न्या. दुसरी माळ फांदीवरून टोकापर्यंत आणि परत आत, अशी नागमोडी लावा. आता खोलीतला दिवा बंद करून एक फोटो काढा. आतला एखादा दिवा फांदीच्या काड्यांआड अर्धा लपलेला दिसेल. त्याच्या उजेडात त्या काड्यांची हिरवी कड उजळलेली असेल आणि पुढच्या काड्या काळ्या राहिल्या असतील. ही उजेड-अंधाराची घडी फोटोत झाडाला जाडी देते. सगळे दिवे बाहेर असतील तर झाड म्हणजे ठिपके लावलेला त्रिकोण दिसतो.

फोटो लहान करून, डोळे किंचित मिटून पाहा. कुठे काळा खड्डा दिसतो, कुठे दिव्यांचा गुच्छ झालाय, ते कळतं. सुधारा, पुन्हा फोटो घ्या. हे समाधानकारक होईपर्यंत एकही गोळा हातात घेऊ नका.

४. दिवाळीच्या माळा वापरल्या तर चालतील का?

चालतील, आमच्याकडे अनेक घरांत तेच करतात. तीन गोष्टी तपासा. एक, सगळ्या माळा एकाच छटेच्या हव्यात. पिवळसर आणि निळसर पांढऱ्या एकत्र लावल्या तर फोटोत झाड दोन तुकड्यांत वाटलेलं दिसतं. दोन, लुकलुकणं बंद करून स्थिर जळण्याची सोय हवी. तीन, वायर. हिरवी किंवा पारदर्शक वायर लपते, पांढरी लपत नाही.

थेट २३० व्होल्टवर चालणारी माळ असेल तर कापलेली वायर, सैल पिन, एकाला एक जोडलेले मल्टिप्लग यांपैकी काहीही चालवून घेऊ नका. नवीन घ्यायची असेल तर अ‍ॅडॉप्टरवाली किंवा यूएसबीवर चालणारी घ्या. मुंबईत लोहार चाळीत भरपूर प्रकार मिळतात. कोणतीही माळ असो, झोपताना बंद. स्वस्त माळांमुळे फोटोत पट्टे येतात, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

५. गोळे, चमकी, चांदणी यांचा क्रम काय?

मोठे गोळे आत, लहान टोकाला. आतला चकचकीत गोळा जवळच्या दिव्याचा उजेड परत फेकतो, म्हणून चकचकीत आत आणि मॅट बाहेर असं ठेवलं तर फोटोत जळके पांढरे डाग कमी पडतात. रंग दोन, फार तर तीन. चमकीच्या माळा हात आखडता घेऊनच लावा, त्या दिवे झाकतात. चांदणी सगळ्यात शेवटी, आणि तिचा उजेड झाडाच्या दिव्यांपेक्षा प्रखर नको. नाहीतर फोटोत वर फक्त एक पांढरा भगभगीत डाग उरतो.

६. फ्लॅश वापरू का?

झाडाच्या फोटोला नाही. समोरून आलेला फ्लॅश तुम्ही प्रश्न ३ मध्ये केलेली सगळी मेहनत पुसून टाकतो. दिवे विझल्यासारखे दिसतात, प्लास्टिक प्लास्टिकसारखं दिसतं. एकच अपवाद आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

७. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. तरी चांगला फोटो येईल?

येईल. पहिलं काम म्हणजे लेन्स स्वच्छ मऊ कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा दिवसा जाणवत नाही, पण रात्री प्रत्येक दिव्यातून धुरकट रेघ काढतो.

मग खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. पूर्ण अंधार नको, शेजारच्या खोलीतला दिवा चालू ठेवून दार अर्धवट उघडं ठेवा. स्क्रीनवर झाडाच्या मध्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) दोन्ही अडकून राहतात. त्यानंतर बोट खाली सरकवून फोटो थोडा काळोखा करा. दिव्यांचे रंग परत येतील. फोन अंधार पाहून सगळं उजळायला जातो आणि त्यात दिवे पांढरे पडतात, हीच मोबाइलच्या नव्वद टक्के फोटोंची तक्रार असते.

नाइट मोड वापरायचा तर फोन हातात धरू नका. पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. हा मोड अनेक फोटो एकत्र करतो, म्हणून माळ लुकलुकत असेल तर निकाल विचित्र येतो. माळ स्थिर ठेवा. झूम हवा असेल तर बोटांनी ताणू नका, दुसरी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर चालत पुढे जा.

८. कॅमेरा आहे. सुरुवात कोणत्या सेटिंगने करू?

ट्रायपॉड असेल तर मॅन्युअल मोड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) २००, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), शटर २ सेकंद (एवढा वेळ उजेड आत येतो). फोटो बघून शटर कमी-जास्त करा, बाकी दोन्हींना हात लावू नका. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा हादरा जातो.

हातात धरून काढायचा असेल तर एफ १.८ किंवा एफ २, शटर १/५०, आयएसओ ८०० ते १६००. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स एफ ३.५ पर्यंतच उघडते, तिथे आयएसओ ३२०० करायला घाबरू नका. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो परवडत नाही.

लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढा. काळ्या भागात दिव्यांची उलटी भुतं दिसतात ती बहुधा त्याचीच करामत असते. आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, कारण प्रश्न १० मध्ये ते उपयोगी पडतं.

९. फोटो किती वाजता काढावेत?

संध्याकाळी. लोकांना रात्र सुचते, पण खिडकीबाहेर आकाश निळं असतानाची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात मोलाची. मुंबई-वसईकडे नाताळच्या सुमारास सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. म्हणजे साधारण सव्वासहा ते साडेसहा या वेळात बाहेरचा उजेड आणि झाडाचे दिवे एकमेकांच्या तोडीचे होतात. फांद्याही दिसतात, दिवेही दिसतात आणि खिडकीचा निळा रंग दिव्यांच्या पिवळ्याला उठाव देतो. सहाला ट्रायपॉड लावून तयार राहा. एकाच जागेवरून दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो घेत राहा आणि नंतर निवडा. तो क्षण डोळ्यांनी ओळखणं कठीण असतं.

१०. फोटो एकदम पिवळा येतो, किंवा उलट, झाडाची ऊबच निघून जाते. का?

कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा स्वतः करतो त्या दुरुस्तीमुळे. वॉर्म एलईडी साधारण २७०० ते ३००० केल्विनची (उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा) असते, घरची पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. ऑटो कधी एकीकडे झुकतो, कधी दुसरीकडे. आकडा स्वतः द्या. ३५०० ते ४००० च्या दरम्यान पिवळेपणा सुखद राहतो. मिश्र उजेडावर इलाज नाही, म्हणून ट्यूब बंदच करा.

निळ्या आणि लाल एलईडींचं दुखणं वेगळं. एकूण फोटो ठीक दिसत असतानाही एकटा निळा रंग भरून वाहिलेला असतो आणि तिथे नुसता सपाट डाग उरतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दिसत असेल तर तो पाहा. नसेल तर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी एक्स्पोजरचा जोडफोटो काढून ठेवा.

११. फोटोत काळे आडवे पट्टे येतात, किंवा काही दिवे विझलेलेच दिसतात. मोबाइल बिघडला का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी माळ सेकंदाला ५० किंवा १०० वेळा उजळते-विझते. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० च्या शटरला कळतं. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, म्हणजे पूर्ण आवर्तन पकडलं जातं. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे करता येतं. व्हिडिओसाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०.

बॅटरीवरच्या माळेचा उजेड मंद करता येत असेल तर तीही झपाट्याने उघडझाप करत असू शकते. ती पूर्ण प्रखर ठेवून पाहा.

१२. मागे दिव्यांचे मोठे गोल ठिपके कसे आणायचे? आणि त्यांना चांदणीचा आकार देता येतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि घरी करायच्या प्रयोगांत मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आधी गोल ठिपके. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. एखादी वस्तू, समजा कुलकुलांची (नाताळच्या गोड फराळाची) बशी, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. झाड तिच्या मागे सात-आठ फुटांवर. फोकस बशीवर. वस्तू जितकी जवळ आणि झाड जितकं लांब, तितके ठिपके मोठे. मोबाइलवर पोर्ट्रेट मोडच्या कृत्रिम धूसरपणापेक्षा वस्तू लेन्सच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरा. खरेखुरे ठिपके मिळतात.

आता चांदणी. धूसर ठिपक्याचा आकार अ‍ॅपर्चरच्या भोकासारखा असतो. म्हणून काळ्या कार्डशीटचं झाकण कापून लेन्ससमोर बसवा आणि मधोमध चांदणी कापा. माप महत्त्वाचं. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर असताना तिचं भोक साधारण २८ मिलिमीटरचं असतं, म्हणून चांदणी १५ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोठी कापली तर ठिपके गोलच राहतात. कडा धारदार ब्लेडने कापा, कातरीने टोकं बोथट होतात. झाकणामुळे उजेड कमी होतो, तेव्हा आयएसओ वाढवा. किट लेन्स असेल तर पूर्ण झूम करून करा आणि चांदणी आणखी लहान ठेवा.

१३. दिव्यांभोवती किरणं हवीत. त्यासाठी वेगळा फिल्टर लागतो का?

कॅमेऱ्याला नाही. प्रश्न १२ च्या बरोबर उलटं करा. अ‍ॅपर्चर एफ १६, आयएसओ १००, ट्रायपॉड, शटर ८ ते १५ सेकंद. किरणांची संख्या लेन्सच्या पात्यांवर ठरते. पाती ८ असतील तर किरणं ८, पण पाती ७ असतील तर १४. विषम पात्यांची लेन्स असेल तर या प्रयोगात ती वापरा.

मोबाइलच्या अ‍ॅपर्चरला अशी पाती नसतात. तिथे बारीक आणि सरळ विणीच्या तलम जाळीच्या कापडाचा एक पदर लेन्सवर ताणून धरा, चार किरणं उमटतात.

१४. प्रत्येक गोळ्यात मी आणि माझा मोबाइल दिसतो. काय करू?

गोलाकार चकचकीत पृष्ठभागाचा एक बिंदू नेहमी थेट तुमच्याकडेच बघत असतो, त्यामुळे प्रतिबिंब पूर्ण घालवता येत नाही. ते लहान आणि काळं करता येतं. मागे सरका आणि लांबच्या लेन्सने काढा. खोलीतले दिवे बंद. गडद कपडे घाला. टायमर लावून बाजूला व्हा, म्हणजे माणूस जातो आणि उरतो तो ट्रायपॉड.

चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर विकत घेऊ नका, धातूसारख्या मुलाम्यावरच्या प्रतिबिंबावर त्याचा उपयोग होत नाही.

आणि कधीतरी ते प्रतिबिंबच टिपा. लाल गोळ्याच्या अगदी जवळ जा. खिडकी वाकून एका बाजूला चिकटलेली असते, सोफा धनुष्यासारखा वळलेला असतो, शेजारच्या माळेचे दिवे कडेने रांगेत उतरत गेलेले असतात आणि सगळ्यावर एकच लाल रंग चढलेला असतो. सबंध हॉल दीड इंचात मावतो. फोकस गोळ्याच्या कडेवर नाही, आतल्या चित्रावर करा, दोन्ही वेगळे असतात.

१५. झाडासमोर मुलांचा फोटो हलतोच. झाड नीट आलं तर चेहरे काळे.

झाडाला दोन सेकंद हवे असतात आणि मूल अर्धा सेकंदही स्थिर बसत नाही, म्हणून प्रश्न ८ ची ट्रायपॉडवाली सेटिंग इथे विसरा. सोपा मार्ग असा की प्रश्न ९ मधली वेळ साधा, मुलाला खिडकीकडे तोंड करून झाडाच्या पाच-सहा फूट पुढे बसवा, शटर १/१२५.

रात्रीच काढायचा असेल तर एक माळ मुलाच्या हातात द्या, यूएसबीवरची, थेट प्लगवरची नको. मांडीवर दिव्यांचा ढीग घेतलेलं मूल आपोआप खाली बघतं आणि चेहऱ्यावर खालून उजेड येतो. हा प्रकार मी सगळ्यांना सुचवते.

वेगळा फ्लॅश असेल तर तो छताकडे वळवा आणि शटर १/१५ ठेवा. फ्लॅशच्या क्षणात मूल गोठतं, उरलेल्या वेळात झाडाचे दिवे नोंदले जातात. फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावलं तर रंगही जुळतो.

१६. झाडाखालच्या गोठ्याचा (येशूजन्माच्या देखाव्याचा) फोटो नेहमी वरून काढल्यासारखा येतो. तो जिवंत कसा वाटेल?

जमिनीवर पालथे पडा. कॅमेरा मूर्तींच्या डोळ्यांच्या पातळीवर आला की वीतभर उंचीचे मेंढपाळही मोठे वाटतात. झाडाचे दिवे गोठ्यावर पडतात तेवढे पुरेत असं समजू नका. गोठ्याच्या छपराच्या आत, पुढून दिसणार नाही असा एकच लहान पिवळा दिवा लावा. गवत खरं वापरा, सुकलेला पेंढा त्या दिव्यात सोन्यासारखा दिसतो.

अनेक घरांत बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्री गव्हाणीत ठेवतात. त्याआधी, आगमनकाळात (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत), रिकाम्या गव्हाणीचा एक फोटो घेऊन ठेवा आणि मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून आल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंगने दुसरा. हे दोन फोटो शेजारी ठेवले की सणाचा अर्थ त्यात आलेला असतो. ट्रायपॉडच्या पायांची जागा फरशीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा.

१७. दिव्यांच्या रेषा, झाडाचा स्फोट झाल्यासारखे फोटो कसे काढतात?

ट्रायपॉडवर, शटर ४ सेकंद, आयएसओ १००, एफ ११ च्या पुढे. पहिले दोन सेकंद काही करू नका, मग झूमची रिंग एका लयीत फिरवा. स्थिर झाडही दिसतं आणि त्यातून बाहेर धावणाऱ्या रेषाही. झूम नसेल तर १ सेकंदाच्या शटरला कॅमेरा सरळ खाली न्या. यात माळ लुकलुकती ठेवलीत तर तुटक ठिपक्यांच्या रेषा मिळतात, या पानावर लुकलुकण्याला एवढीच एक परवानगी आहे.

१८. झाड सजवतानाचा टाइमलॅप्स करायचा आहे.

दर १० सेकंदांनी एक फोटो. दोन तासांत ७२० फोटो होतात आणि सेकंदाला २४ या वेगाने अर्ध्या मिनिटाची फिल्म. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही अडकवून ठेवा, नाहीतर फिल्म लुकलुकते. दिवे लावणं दिवसा करणार असाल तर अंधार पडल्यावरचा भाग वेगळा घ्या.

१९. आम्ही न्यू जर्सीत आहोत, खरं फरचं झाड आणतो. काही वेगळं करावं लागतं का?

झाडाबाबतीत, आणल्याबरोबर बुंध्याची पातळ चकती कापून लगेच पाण्याच्या स्टँडमध्ये ठेवा आणि पाणी रोज बघा. सुकलेलं फर लवकर पेटतं. फोटोबाबतीत, तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून प्रश्न ११ मधले आकडे १/६० आणि १/३० असे होतील. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे निळ्या आकाशाची वेळ बहुधा ऑफिसातच जाते. सुट्टीचा दिवस त्यासाठी राखून ठेवा.

२०. झाड कधी उतरवायचं? आणि ठेवताना काय काळजी घ्यायची?

तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवण्याची रीत आहे. काही घरांत तीन राजांच्या मूर्ती रोज थोड्या गोठ्याजवळ सरकवतात. तसं तुमच्याकडे असेल तर त्या प्रवासाचा रोज एक फोटो घ्या, प्रश्न १६ मधल्या जागेवरूनच.

उतरवताना आधी गोळे, शेवटी दिवे. गोळे काढून झाले की नुसत्या दिव्यांचा एक फोटो घ्या, पुढच्या वर्षी माळ कशी फिरवली होती ते त्यावरून कळतं. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, पिनचं टोक बाहेर ठेवा आणि पुठ्ठ्यावर रंगाची छटा लिहा. सुरूची फांदी वाळलेली असते, तिच्याजवळ मेणबत्ती नेऊ नका. अरोकेरिया पंधरा-वीस दिवस घरात राहिलेला असतो. त्याला एकदम कडक उन्हात नेलं तर पालवी करपते, म्हणून आठवडाभर बाल्कनीत सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हाकडे सरकवा.